नंबर सतरा कोण म्हणालं?

ती एकतीस वर्षांची होती. रत्नागिरीतल्या एका खासगी लॅबमध्ये रक्त तपासायची. डिसेंबरातल्या दुसऱ्या शनिवारी, संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी, तिच्या ग्रुपने टेकडीच्या पायथ्याशी काउंटिंग घेतलं आणि ती सुखरूप खाली आल्याचं जाहीर केलं. त्या वेळी ती वर होती. टेकडीच्या मागच्या अंगाला, जांभ्याचे चिरे काढायच्या जुन्या खाणीच्या तळाशी, पाय मोडून पडलेली.

ती घटना आजही आठवते, एवढं म्हणून माझं भागत नाही. त्यात माझा वाटा आहे.

मी तेव्हा शहरातल्या एका पोलीस ठाण्यात उपनिरीक्षक होते. अधिकारी अठ्ठावन्नला निवृत्त होतात, सत्कार घेतात, मग आठवणी लिहितात. मी आठ वर्षांत राजीनामा दिला आणि आता पत्रकं छापून वाटते. हेही पत्रकच समजा. नाव कुणाचंच घेणार नाही. तिच्या वडिलांची तशी इच्छा आहे. बाकीचे वाचतील तेव्हा स्वतःला ओळखतील.

शहराच्या टेकडीवर पालिकेचं उद्यान आहे. खाली बाकडी, घसरगुंडी, नारळपाणीवाला. वर पायवाट, सडा म्हणजे कातळाचं उघडं पठार, आणि समोर समुद्र. दर शनिवारी एक ग्रुप तिथे संध्याकाळी चढायचा. पाचला निघायचं, वर सूर्यास्त बघायचा, सातला खाली, मग वडापाव. फोनवरच्या ग्रुपमध्ये 'येतोय' टाकलं की झालं. उद्यान सहाला बंद होतं. त्यानंतर थांबायची परवानगी यांनी कधी घेतलेली नव्हती. वॉचमनशी ओळख होती, तेवढ्यावर चालायचं.

निघताना प्रत्येकाला नंबर मिळायचा. वर पोचल्यावर आणि खाली उतरल्यावर सगळ्यांनी क्रमाने आपापला नंबर ओरडायचा. त्या शनिवारी बावीस जण होते. ती पहिल्यांदाच आली होती. तिचा नंबर सतरा.

रविवारी सकाळी साडेआठला तिचे वडील ठाण्यात आले. पूर्णगडच्या बाजूचे. मच्छीमार बोटीवर तांडेल होते, म्हणजे बोटीचे प्रमुख. पहिल्या एसटीने आले होते. हातात पिशवी, पिशवीत लेकीसाठी सुकट.

"मॅडम, बायचा फोन लागत नाय. रोज जेवताना करते. काल नाय केला. खोलीला कुलूप हाय."

"काका, रविवार आहे. मैत्रिणीकडे गेली असेल."

"तिची मैत्रीणच म्हणाली, टेकडीवर गेलेली. सोबत मोप माणसं होती."

मी ग्रुपच्या लीडरला फोन लावला. पन्नाशीचा, दुकानदार, गोड बोलणारा. म्हणाला, "मॅडम, सगळे खाली आले. काउंटिंग झालंय. मेसेज पाठवतो ना." मेसेज आला. शनिवारी संध्याकाळी टाकलेला. बावीसपैकी बावीस सुखरूप, खाली हसरे चेहरे.

मी तो मेसेज वडिलांना दाखवला. "बघा काका, खाली उतरलीय. मोठी बाई आहे, येईल. संध्याकाळपर्यंत वाट बघा." ते पिशवी उचलून गेले.

कायद्यात असं वाट बघायला सांगण्याची कुठेच तरतूद नाही. माणूस बेपत्ता आहे असं सांगत कुणी आलं की नोंद घ्यायची, त्याच क्षणी. मला हे माहीत होतं. तरी मी तसं बोलले, कारण एकटी राहणारी, नवऱ्यापासून वेगळी झालेली बाई एका रात्रीत कुठे गेली असेल याचं उत्तर माझ्या डोक्यात तयार होतं. तुमच्याही असेल. खोटं बोलू नका.

संध्याकाळी ते परत आले तेव्हा मिसिंग दाखल केली. सोमवारी जबाब घेतले. एकवीस माणसं, एकामागून एक. कारकून, शिक्षक, दुकानदार, एक निवृत्त इंजिनिअर. घरंदाज, कपडे इस्त्रीचे. सगळ्यांनी सांगितलं, काउंटिंग पूर्ण झालं, ती खाली आली, नंतर कुठे गेली माहीत नाही. लीडर दिवसभर व्हरांड्यात बसून होता. आत जाणाऱ्या प्रत्येकाला "टेन्शन घेऊ नका" म्हणत होता.

आमचे जुने हवालदार जबाब लिहून घेत होते. दुपारी त्यांनी पेन खाली ठेवलं.

"मॅडम, एकवीस माणसं एका शब्दाचा फरक न करता बोलतायत. एवढी तर आमच्या देवळात आरती पण जुळत नाय."

मी हसले. हसून पुढचा माणूस बोलवा म्हटलं. खरं सांगणारी माणसं नेहमी थोडी थोडी वेगळी बोलतात. कुणाला शर्ट निळा आठवतो, कुणाला हिरवा. तासून जुळवलेला जबाब हाच सगळ्यात मोठा संशय. ट्रेनिंगमध्ये पहिल्या महिन्यात शिकवतात हे. पण समोर इस्त्रीचे कपडे होते ना.

मग तपास टेकडी सोडून शहरात गेला. स्टँडवरचे कॅमेरे पाहिले, रेल्वे स्टेशनचे पाहिले. तिच्या फोनचे कॉल काढले. शेवटचं लोकेशन ज्या टॉवरचं आलं, तो टेकडीही धरतो आणि स्टँडही. आम्ही स्टँड धरला. लॅबमधल्या एका मुलाला तीन तास बसवून ठेवलं, कारण त्याने तिला गेल्या महिन्यात दोनदा फोन केला होता. सुट्टी बदलून हवी होती, म्हणून. शहरात कुजबुज सुरू झाली. कोणाबरोबर गेली, कधीपासून चाललं होतं. ती खाणीत होती आणि आम्ही तिचं चारित्र्य शोधत होतो.

मंगळवारी सकाळी ठाण्यातला लँडलाइन वाजला. बाईचा आवाज, मागे रस्त्यावरचे हॉर्न. ग्रुपमधलीच, घरी शिकवण्या घेणारी.

"मॅडम, माझा नंबर अठरा होता. माझ्या आधी सतरा आला तो पुरुषाच्या आवाजात आला."

"काल का नाही सांगितलंत?"

"ग्रुपवर मेसेज होता. सगळ्यांनी एकच सांगायचं, नाहीतर उद्यान कायमचं बंद होईल. नंतर तो डिलीट केला. दोन रात्री मला झोप नाही हो."

"फोन घरून का नाही केलात?"

"घरचे म्हणतात, तू कशाला मध्ये पडतेस."

मी नंबर सोळाला बोलावलं. पतसंस्थेत कारकून, पस्तिशीचा, सरळमार्गी. हात उगारायची गरजच नव्हती. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाला फक्त त्याच जागी परत उभं करावं लागतं. मी त्याला भिंतीपाशी उभं केलं.

"शनिवारी म्हणालात तसा तुमचा नंबर म्हणा."

"सोळा."

"आता सतरा म्हणा."

तो भिंतीला टेकून खालीच बसला.

"पंधरा झाला, सोळा झाला, मग कोणी बोलेना. मागून कुणीतरी ओरडलं, सतरा, आवरा हो, वडे गार होतायत. सगळे हसले. मला वाटलं, मागे असेल, येतेय. म्हणून मी म्हटलं, सतरा. कॉलेजात हजेरी लावायचो तसं."

"शेवटची कुठे पाहिलीत?"

"वरच्या वळणावर. तिच्या बुटाचा सोल निघाला होता. म्हणाली, तुम्ही व्हा पुढे, मी बांधून येते."

"थांबला नाहीत?"

"पुढे ग्रुप फोटो चालला होता."

वरच्या वळणावर पायवाटेला दोन फाटे आहेत. एक खाली येतो. दुसरा गवतातून खाणीकडे जातो; अंधारात एकटी मागे राहिलेली ती त्याच फाट्याला लागली. चिरे काढून संपले, खाण तशीच सोडून दिली. काठाला ना कुंपण ना दगड. उन्हाळ्यात गुरं पडतात, म्हणून गावातले लोक तिकडे फिरकत नाहीत. शहरातल्यांना ते कोण सांगणार?

आम्ही दुपारी बाराला काठावर पोचलो. फोन वरच करवंदीच्या जाळीत अडकला होता, बॅटरी संपलेली. ती खाली होती. उजवा पाय मोडलेला. ओढणी फाडून पायाला घट्ट बांधली होती. लॅबमधलं शिक्षण. जिथे पडली तिथून सरकत सरकत भिंतीपर्यंत गेली होती. चिऱ्याच्या भिंतीवर, तिचा हात पोचेल तिथपर्यंत, नखांचे ओरखडे होते.

पंचनामा मी लिहिला. शवविच्छेदन सिव्हिलला झालं. डॉक्टर म्हणाले, पडताक्षणी गेलेली नाही. अंदाजे रविवारी उशिरापर्यंत जिवंत असावी.

म्हणजे रविवारी साडेआठ वाजता, मी तिच्या वडिलांना हसऱ्या चेहऱ्यांचा मेसेज दाखवत होते तेव्हा ती जिवंत होती. ठाण्यापासून टेकडी गाडीने दहा मिनिटांवर आहे.

वडिलांना मीच सांगितलं. काउंटिंग कसं झालं, तेही सांगावं लागलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"सतरा नंबर? एवढी माणसं, तिचं नाव कुणालाच म्हायत नव्हतं?"

नव्हतं. लीडरच्या यादीत "लॅबवाल्या मॅडम" एवढंच लिहिलं होतं.

"आमी बोटीवर नावानं हाक मारतो. ज्याची हाक, त्यानंच ओ द्यायची. दुसऱ्यानं दिली तर त्याला बोटीवर परत घेत नाय."

निष्काळजीपणाने मृत्यूला कारण झाल्याचा गुन्हा लीडरवर आणि नंबर सोळावर दाखल झाला. दोघांना जामीन मिळाला. बाकीचे साक्षीदार झाले. उद्यानाच्या फाटकावर नवा बोर्ड लागला आणि वॉचमन बदलला. ग्रुप तीन महिने बंद राहिला, मग नवं नाव घेऊन दुसऱ्या टेकडीवर सुरू झाला. खाणीला अजून कुंपण नाही. मी स्वतः तीन अर्ज दिले. पालिका म्हणते जागा खासगी, मालक म्हणतो मी मुंबईत असतो.

माझी चौकशी झाली नाही. वरिष्ठांनी फाइल बंद करताना सांगितलं, "तू नियमबाह्य काही केलं नाहीस, मनाला लावून घेऊ नकोस." मी नियमबाह्यच केलं होतं. ते फक्त कुठे लिहिलेलं नव्हतं, कारण रविवारी सकाळची नोंदच मी केली नव्हती. नोकरी त्यानंतर चार महिने टिकली.

मला या प्रकरणाने काय शिकवलं? वाईट माणसं शोधायची मला सवय होती. इथे एकही वाईट माणूस सापडला नाही. एकाला वडे गार होण्याची घाई, एकाला उद्यान बंद पडण्याची भीती, एकीला घरच्यांचा धाक, आणि मला रविवारचा कंटाळा. एवढ्याशा गोष्टी मिळून एक बाई एक रात्र आणि एक दिवस खाणीत हाका मारत राहिली. यातलं एक जण जरी यात सामील झालं नसतं तर ती आज रक्त तपासत असती.

म्हणून तुम्हाला विनंती करत नाही, बजावते. तुमचं माणूस घरी आलं नाही, तर त्याच घटकेला ठाण्यात जा. चोवीस तास थांबू नका, चार तास थांबू नका. समोरचा अधिकारी मेसेज दाखवेल, समजावेल, मैत्रिणीकडे असेल म्हणेल, तुमच्या मुलीबद्दल नको ते विचारेल. मीही तेच केलं होतं. खुर्ची धरून बसा. पाणी मागा, पण जागा सोडू नका. नोंद होऊन तिची प्रत हातात पडेपर्यंत आणि शोधायला गाडी निघेपर्यंत तिथून उठू नका.