जोडलेला फोटो

माझ्या मावशीच्या यजमानांइतका खरेपणापायी स्वतःचा धंदा बुडवणारा माणूस मालवणच्या बाजारपेठेत दुसरा झाला नसेल. एकोणीसशे पन्नास-पंचावन्नच्या सुमारास त्यांचा तिथे फोटो स्टुडिओ होता. लग्नाच्या मुलींचे फोटो ब्रश मारून गोरे करून द्यायची तेव्हा सर्रास रीत होती. काका नेमकं तेवढंच करत नसत. एखादा बाप "जरा उजळ करा" म्हणाला, की ते त्यालाच आरशासमोर उभा करत. "चेडवाक रंग तुझोच इलो आसा. आधी तुका उजळ करूया?" बाप तडक कुडाळचा स्टुडिओ गाठी. कुणाला देवीचे व्रण पुसून हवे असत, कुणाला टकलावर केस. काका सगळ्यांना चहा पाजून परत पाठवत. मावशी म्हणे, "ह्यांचो कॅमेरो फोटो कमी काढता, गिऱ्हाइकां जास्त घालयता."

एका दुपारी तारकर्लीची एक बाई आली, कडेवर तान्ही मुलगी घेऊन. नवरा खलाशी म्हणून बोटीवर गेला, तो परतलाच नव्हता. मुलगी त्याच्या मागे जन्मली. जहाजाच्या कागदांसाठी काढलेला त्याचा छोटा फोटो तेवढा तिच्याजवळ होता. तिला तिघांचा एकत्र फोटो हवा होता.

"वहिनी, तो हयसर नाय," काका म्हणाले. "मगे फोटोत कसो येतलो?"

"नाय म्हणानच जोडूक सांगतंय," ती शांतपणे म्हणाली.

काका बराच वेळ कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाशी चाळा करत राहिले. मग त्यांनी तिला मुलीसकट खुर्चीवर बसवलं आणि मागे एका माणसापुरती जागा सोडून फोटो काढला. पुढे कितीतरी दिवस ते तो चेहरा मोठा करत, कापत, चिकटवत, रंगाने सांधा बुजवत बसलेले असत. जेवताना मध्येच मावशीला विचारत, "ह्यां पाप तर नाय मां गो?" मावशी भात वाढत राही.

बऱ्याच वर्षांनी काकांबरोबर तारकर्लीला एका लग्नाला गेलो असताना आम्ही त्या बाईच्या घरी डोकावलो. फोटो ओटीवर होता. त्याला हार नव्हता. मुलगी आता परकरात आली होती. तिने चहा आणला आणि फोटोकडे बोट दाखवलं.

"ह्यो काढलो तेव्हाचा माका सगळा आठावता," ती म्हणाली. "बाबांका घाम इल्लो. आवशीन पदरान पुसलो."

तिची आई उंबऱ्यात उभी होती. ती काकांकडे बघत राहिली.

काकांनी कप खाली ठेवला. "होय गो बाय," ते म्हणाले. "उकाडो खूप होतो त्या दिसा."

आई आत वळली. मुलगी आणखी काय काय आठवतं ते सांगत राहिली, आणि काका ऐकत राहिले.