रुखमाच्या वाटचा मोह

रुखमाले हत्तीनं मारलं, असा तिच्या सुनिलचा सकाळीच फोन आला तं मी पहिले त्यालेच झापलं. म्हटलं, "काय बोलून राह्यला रे? तुही माय अन् मरते?" मले खरंच वाटलं नाई. रुखमा मरण्यातली बाईच नव्हती.

आम्ही दोघी कुरखेड्याकडच्या एकाच गावच्या. ती गोंडाची, मी कुणब्याची. एकाच झाडाखाली मोहफुलं वेचत मोठ्या झालो. मी जातीची भेकड. पान हललं तरी मी पळत सुटते. अन् ही बया! एकदा मी खाली वाकून मोह वेचून राह्यली होती, तं बांबूच्या दाट रांजीतून वाघ निघाला. रुखमानं पाण्याचा डबा काठीनं बडवत सरळ त्याच्याकडंच चालणं धरलं. वाघाच्या सात पिढ्या उद्धारल्या तिनं. वाघ गेला. मी रडत बसली अन् ती हसून हसून लोळली.

लग्न होऊन मी ब्रह्मपुरीकडं आली, ती गावातल्या गावातच नांदली. नवरा लवकर गेला. एकटीनं बांधीत धान केला, तेंदूपत्ता तोडला, मोह वेचला, सुनिलले मोठं केलं. कोणापुढं हात पसरला नाई अन् कोणाचं ऐकलंही नाई. दरवर्षी मोहाचं गाठोडं मात्र मले पाठवे. म्हणे, "मी मेली तं खाली हातानं येऊ नको वो आशा. तुह्या हातचा मोह पायजे मले." त्यांच्यात मेलेल्या माणसाच्या वाटचा मोह द्या लागते, नाई तं जीव उपाशी जाते म्हणतेत. मी तिले हो म्हटलं होतं.

म्हणून घरात तिनंच पाठवलेला मोह होता तो सगळा फडक्यात बांधला. निकेशनं, माह्या पोरानं, ऑटो काढला. आमच्या गावच्या शिवारात वाघ फिरून राह्यला होता, तं सून करिष्मा म्हणे, "मी एकटी घरी राहत नाई, आई." मग तीही आली, चार वर्षाची दिव्यानीही आली. अन् आमचा बुढा, माहा नवरा लटारू, तो तं येणारच. जिथी त्याची गरज नाई तिथी तो पहिला.

वैनगंगा ओलांडली, वडसा गेलं. कुरखेड्याच्या पुढं चहाच्या टपरीवर एक माणूस म्हणाला, "हत्तीचा कळप याच बाजूले आहे. रस्त्यात थांबू नका." पुढं बुढा निकेशजवळ बसला होता. मागं मी अन् करिष्मा. दिव्यानी माह्या मांडीवरच्या गाठोड्यावर बसून पेंगत होती.

वाघाचं भेव माह्या हाडात आहे, पण ते ओळखीचं भेव. टोळीनं राहा, बोलत राहा, डबा वाजवा, हे आमच्या इकडं लेकरालेही कळते. हत्तीचं कोणत्या म्हाताऱ्यानं शिकवावं? ते तं आत्ता काही वर्षांपासून छत्तीसगडातून आले. आमच्या लहानपणी हत्ती म्हणजे गणपती.

नाल्याजवळच्या वळणावर निकेशनं करकचून ब्रेक मारला. रस्त्यात एक हत्तीण उभी होती. तिच्या पायात पिलू. बाजूच्या झाडीत आणखी दोन पाठी हलत होत्या. मागं उतार, ऑटो वळवाले जागा नाई. निकेशनं इंजन बंद केलं. करिष्मा कानात पुटपुटली, "आई, पोरीले धरा."

अन् आमच्या बुढ्याले अक्कल सुचली. जेवणाचा डबा काढला अन् ऑटोच्या लोखंडी दांडीवर बडवू लागला. "हट्! हट्!" वाघाले करते तसं. हत्तिणीचे कान फाकले. ती पिलाले मागं टाकून आमच्याकडं आली. मी पुढं वाकून बुढ्याच्या तोंडावर हात दाबला अन् म्हटलं, "चुप राह्य मुडद्या, पोट्टी आहे संग!"

ती ऑटोजवळ येऊन उभी झाली. तिच्या श्वासाचा आवाज ऐकू येत होता. सोंड उचलली, हवेत फिरवली, अन् ती सोंड बरोबर माह्या बाजूनं आत आली. दिव्यानी जागी झाली होती. रडत नव्हती, नुसती पाहत होती. सोंड तिच्या पायाखालचं गाठोडं चाचपून राह्यली होती, तवा माह्या डोक्यात उजेड पडला. हिले पोट्टी नाई पायजे, मोह पायजे.

हे रुखमाचं होतं. मी तिले शब्द दिला होता. पण पोरीले एका हातानं ओढलं अन् दुसऱ्या हातानं गाठोडं जीव खाऊन झाडीकडं फेकलं. फडकं सुटलं, फुलं सांडली. हत्तीण तिकडं वळली, पिलूही तुरुतुरु मागं गेलं. निकेशनं ऑटो असा काढला का नाला कवा गेला समजलं नाई. करिष्मानं पोरीले छातीशी धरलं होतं. बुढ्याचा डबा मांडीवर तसाच होता.

गावात पोचलो तं गाव चुप. गोंडाच्या मयतीले ढोल वाजते, पण ढोल भिंतीले टेकून ठेवला होता. बाया दारात बसल्या होत्या, हळूहळू बोलत. रुखमाच्या घराची एक भिंत पडलेली. अंगणात तिले कपड्यात गुंडाळून ठेवलं होतं. तोंड तेवढं उघडं.

मी तिच्याजवळ बसली. म्हटलं, "रुखमा, मी खाली हातानं आली वो. तुह्या वाटचा मोह फेकून दिला मी. पोट्टी होती संग."

सुनिल माह्यामागं उभा होता. म्हणाला, "बरं केलं मावशी. राती कळप मोहाच्या वासानं गावात शिरला, तं सगळ्याइनं आपआपला मोह बाहेर फेकला. आम्ही मायले म्हटलं, सोडून दे, बाहेर ये. ती टोपलीले कवटाळून बसली. म्हणे, एवढ्या उन्हात वेचला, काऊन देऊ?"

मले रडू नाई आलं, राग आला. सणकून आला. "वाघाच्या तोंडून मले काढणारी बाई तू," मी तिले म्हटलं, "अन् तुले एक टोपली सोडता नाई आली? कोणाले दाखवाची होती हिंमत? मी तुले कवा म्हटलं होतं का भेऊ नको म्हणून? भ्याची होती न वो एक डाव! एक डाव माह्यासारखी भ्याची होती!"

माहा आवाज चढला होता. सुनिल खाली बसला, माह्या खांद्यावर हात ठेवला. त्याचेही डोळे भरले होते. तो कानाजवळ येऊन म्हणाला, "हळू, मावशी. कळप नाल्यापलीकडंच आहे. गावात लहान लेकरं आहेत."

मी करिष्माकडं पाह्यलं. तिनं दिव्यानीचं तोंड आपल्या हातानं झाकलं होतं. मी पदर तोंडात कोंबला. चार माणसांनी रुखमाले उचललं अन् पाय न वाजवता घेऊन गेले. माह्या जीवाची मैतरीण गेली, अन् मले तिच्यासाठी मोठ्यानं रडताही नाई आलं.