वाल सोलताना जोडलेली वाक्यं

नववीत असताना रोह्याच्या शाळेत सरांनी आम्हाला दोन इंग्रजी वाक्यांचं एक करायला शिकवलं. हू, विच, हूज. आम्ही सगळी आसपासच्या खेड्यांतली पोरं. आम्ही मराठीतल्या 'जो-तो'सारखं 'हू बॉय केम, ही इज माय ब्रदर' असं लिहून मोकळे झालो. सरांनी वह्या परत केल्या आणि दहा नव्या जोड्या घरून करून आणायला सांगितल्या.

घरी, निडीला, ताई मोड आलेले वाल सोलत बसली होती. आई अंथरुणाला खिळली तेव्हा नववीनंतर ताईची शाळा सुटली होती. पण व्याकरणाचं पुस्तक तिनं टाकलं नव्हतं. माझी वही बघून ती हसली.

"अरे, इंग्रजीत 'जो' आधी येऊन बसत नाय. आधी मुलगा, त्याच्यामागं त्याचा 'हू'. आणि तो 'ही' कशाला ठेवलास?"

"मग काय करू?"

तिनं एक वाल चिमटीत दाबला. साल बाजूला, दाणा परातीत. "तोच माणूस परत आला ना? सोलून टाक त्याला."

परात भरेपर्यंत माझी दहाही वाक्यं झाली होती.

त्याच आठवड्यात सरांनी वर्गात विचारलं होतं, "कुणाच्या घरी अर्धवट शाळा सुटलेलं कोणी आहे का? बाहेरून दहावीला बसता येतं. सतरा नंबरचा फॉर्म मी स्वतः भरून देईन, सकाळी शिकवीनही. शनिवारपर्यंत सांगा."

माझ्या डोळ्यांसमोर ताईच आली. पण तिच्यामागोमाग सकाळही आली. आईचं सगळं करणं, विहिरीचं पाणी, भाकऱ्या. ताई रोह्याला गेली तर हे कोण करणार? मीच. मी गप्प बसलो.

शुक्रवारी सरांनी माझी वही वर धरली. "दहाच्या दहा बरोबर! घरी कोण शिकवतं रे?"

"कोणी नाय सर. माझं मीच."

शाबासकी मिळाली. संध्याकाळी ताईनं विचारलं, "सर काय बोलले?"

"बरोबर म्हनाले."

"कुणी शिकवलं, ते नाय विचारलं?"

"नाय गो."

"बरं," म्हणून ती चुलीकडे वळली.

मी पुढे बी. ए. झालो. आमच्या घरातला पहिला पदवीधर. निकाल लागला तेव्हा पेढे घेऊन सरांच्या पाया पडायला गेलो, पण ती गोष्ट त्यांनाही सांगितली नाही. आता पेणच्या एका शाळेत मीच इंग्रजी शिकवतो. ताई वडखळजवळच्या गावात दिली आहे. तिची मुलगी यंदा दहावी झाली, तेव्हा मी पेढे घेऊन तिच्याकडे गेलो. ताई ओटीवर वाल सोलत होती. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं मी त्या दिवशी सांगून टाकलं. सर काय म्हणाले होते, मी काय म्हणालो, सगळं.

तिचे हात थांबले.

"फॉर्म कधीपर्यंत होता?"

"त्या शनिवारपर्यंत."

तिनं जरा वेळ आठवून पाहिलं. "शनिवारी मी आले होते शाळेत. तुझी वही घरी राहिली होती, ती द्यायला. सर व्हरांड्यात उभे होते. मी आत येत होते तर तूच फाटकाशी धावत आलास. बोललास, जा ताई, गाडी चुकंल."

मला ते आठवत होतं. सांगताना मी तेवढं वगळलं होतं.

"गाडीला तर तासभर होता," ती म्हणाली. "मी स्टेशनात बसून राहिले."

ती रडली नाही, रागावलीही नाही. तसं काही केलं असतं तर मला बरं वाटलं असतं. तिनं न सोललेल्या वालांची परात माझ्याकडे सरकवली. मी वाल सोलायला घेतले. माझ्या नखांना सवय नव्हती, दाणे तुटत होते. राहू दे, असं ती एरवी नक्की म्हणाली असती. त्या दिवशी म्हणाली नाही. परात रिकामी होईपर्यंत मी सोलत राहिलो.