मावशीचा टर्बो

कुठलीही लांब वस्तू हातात आली की मावशी आधी तिचं एक टोक शोधायची. ते चिमटीत धरायची आणि तिथून बोटं सरकवत सरकवत दुसऱ्या टोकापर्यंत जायची. साडी असो, दोरी असो, नाहीतर शाळेच्या स्पीकरची वायर असो. मध्येच कुठे संशय आला तरी तिथे उडी मारायची नाही. "पयल्यापासून पाह्य," हे तिचं ठरलेलं वाक्य. मी अड्याळजवळच्या त्या गावात शिक्षिका म्हणून रुजू झाले आणि तिच्या घराला लागून असलेली खोली भाड्याने घेतली, तेव्हा तिने माझी नवी सतरंजी अशीच चाचपली होती. सतरंजी धड निघाली, तेव्हा मीही धडच असेन असं तिने धरलं असावं.

ही सवय जाळ्यामुळे लागलेली. तिचं घराणं तलावात मासे धरणाऱ्यांचं. जाळं वाळलं की अंगणात मांडी घालून बसायचं आणि हाताहाताने सगळं तपासायचं. मला वाटायचं, भोक काय, नुसतं पाहिलं तरी दिसेल. तसं नसतं. मोठं भोक दिसतं, माणूस ते शिवून खूश होतो आणि त्याच्या शेजारचं बारीक राहून जातं. मासा मात्र नेमका तिथूनच निसटतो.

एकच गोष्ट नीट येते आणि तीच सगळीकडे लावायची, अशी माणसं तुमच्याही पाहण्यात असतील. मावशीला तांदळात एक खडा सापडला तर ती अख्खं पोतं उपसायची. त्या दिवशी जेवायला चार वाजायचे. माझ्यासाठी स्थळ आलं तेव्हा मी तिला कौतुकाने सांगितलं की मुलगा बँकेत आहे, घर स्वतःचं आहे.

"थे तं शेवटचं झालं," ती म्हणाली. "पयल्यापासून पाह्य. शाळेत कसा व्हता? मारकुटा तं नव्हता?"

आता हा शोध मी कुठून लावणार? पण तिने लावला. त्याच्या गावच्या बाजारात मासे घेणाऱ्या बायकांकडून सगळी माहिती काढली आणि मुलगा पास केला. तोच पुढे माझा नवरा झाला.

तिच्याकडे एक डिझेलची पिकअप होती, नवऱ्याने घेतलेली. तो चालवायचा, ती शेजारी बसून मासेवाल्यांशी भाव करायची. तो अचानक गेला. लोकांना वाटलं, आता गाडी विकणार. हिने उन्हाळ्यात तलाव आटला तेव्हा गाडी तलावाच्या पोटात उतरवली आणि तिथे गोल गोल फिरवत चालवायला शिकली. धडकायला तिथे काही नव्हतंच. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, अर्धं गाव बसून हसत होतं. पाऊस पडायच्या आत तिचं लायसन्स झालं. पुढे आजूबाजूच्या गावांतल्या बायका आपले रोहू, कतला, झिंगे तिच्या गाडीत चढवायच्या. सकाळी बर्फाच्या पेट्या भरून ती भंडाऱ्याला निघाली की मला घड्याळ पाहावं लागत नसे.

तिचा एकुलता एक मुलगा पुण्याला नोकरीत. मुलगा फार चांगला होता, हीच खरी पंचाईत होती. आईने या वयात स्टिअरिंग धरू नये, आपल्याजवळ येऊन राहावं, असं त्याला मनापासून वाटे. दर फोनवर तो तेच म्हणायचा आणि ती दर फोनवर माशांचे भाव सांगायची.

मग एकदा गाडीचा दम गेला. रिकामी असताना चालायची, पण पेट्या भरल्या की चढावर हुंदके द्यायची आणि मागे काळा धूर सोडायची. भंडाऱ्याच्या रस्त्यावरच्या एका मेकॅनिकने कान लावून सांगितलं, टर्बो गेला. टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा. नवा टाकायचा तर त्या जुन्या गाडीला तो परवडणारा नव्हता. ही बातमी पुण्याला कशी पोचली देव जाणे, पण त्याच संध्याकाळी फोन आला. स्पीकर चालू होता, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"आई, आता बस झालं. रविवारी मी येतो. गाडी घेणारा माणूसही आणतो. तू माझ्यासोबत चल."

एरवी ती माशांचे भाव सांगू लागली असती. त्या दिवशी तिने भाव काढलेच नाहीत.

"टर्बो गेला असंन, तं येतो," ती म्हणाली. इकडे बायकाही 'येतो', 'जातो' असंच म्हणतात. "शब्द देतो तुले. पण गेला का नाई, थे मी पायतो."

दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. सकाळी तिने हाक मारली, "मास्तरीन, ये वो. रेस द्याले माणूस पायजे."

मी जन्मात ड्रायव्हरच्या सीटवर बसले नव्हते. तिने मला बसवलं आणि पायाखालचं एक पॅडल दाखवून म्हणाली, "मी सांगीन तवा दाबजो. दुसऱ्या कायलेच हात लावू नको." मग पदर खोचून बोनेटमध्ये अशी वाकली की मला फक्त तिच्या बांगड्यांचा आवाज येत होता.

आधी तिने इंजिन बंद असताना हात चालवला. हवा आत येते तिथून सुरुवात. गाळणी, तिथून टर्बोपर्यंतचा पाइप, टर्बोपासून पुढचा रबरी पाइप. प्रत्येक पाइप ती थोडा थोडा वाकवत, खालच्या अंगाने बोटं फिरवत पुढे सरकत होती. तोंडाने पुटपुटणं चालू. "हे धड. हे धड. हे बी धड." एका जाड रबरी पाइपाच्या पोटाखाली तिची बोटं थांबली. वरून पाहिलं तर काहीच नव्हतं. वाकवला की ओठ उघडावेत तशी चीर उघडायची.

"दे रेस!"

मी दाबलं. तिने चिरेवर साबणाचं पाणी ओतलं आणि फेस फसफसून तिच्या तोंडावर उडाला. ती एवढ्या मोठ्याने हसली की समोरच्या घरातली म्हातारी बाहेर आली. पाइपाचं टोकच फाटलं होतं. मावशीने तेवढं कापून टाकलं आणि उरलेला पाइप ओढून पट्टीने पुन्हा घट्ट बसवला.

मी टाळ्या वाजवल्या. आम्ही पेट्या भरून गाडी पाळीच्या चढावर नेली. थोडा फरक होता, पण काळा धूर होताच आणि दमही अर्धाच होता. म्हणजे मेकॅनिकचंच खरं, आणि रविवार तर उद्यावर आलेला.

"मावशी, आता?"

"आता काय? पयल्यापासून."

ती खरोखर पुन्हा गाळणीपासून निघाली. जे पाइप तासाभरापूर्वी धड म्हणून सोडले होते, तेही पुन्हा वाकवून पाहिले. ऊन चढलं, तिच्या मानेवरून घाम ओघळत होता. तिची बोटं मात्र घाई करत नव्हती. जाड पाइप संपले, मग तिने बारीक नळ्या धरल्या. टर्बोला कामाला लावणारी एक बोटाएवढी नळी असते, ती पार मागच्या बाजूला, जिथे नजर पोचत नाही. तिथे तिचा हात गेला आणि ती ओरडली, "अव माय! उंदरानं खाल्ली वो!"

माशाच्या वासाला येणारे उंदीर, मासे मिळाले नाहीत म्हणून त्यांनी रबर कुरतडलेलं. नवी नळी अड्याळला एका दुकानात मिळाली. ती बसवली आणि मावशीने शेवटी टर्बोच्या तोंडात बोट घालून पंख्याचा दांडा हलवून पाहिला. "हालत नाई. पक्का हाये," ती म्हणाली. तो दांडा आधीच पाहिला असता तर, असं मी विचारलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी पहिलीच्या पोराकडे पाहते.

रविवारी मुलगा आला, गाडी घेणाराही आला. मावशीने बर्फाच्या पेट्या काठोकाठ भरल्या, दोघांना पुढे बसवलं आणि पाळीचा चढ न थांबता चढून गेली. परतल्यावर मुलगा अंगणात उतरला. मग हसला आणि म्हणाला, "बरं बाई. जिंकलीस." गाडी घेणारा जेवून गेला. मावशीने त्याला मरळीचं कालवण वाढलं होतं, त्यामुळे तोही खूशच होता.

त्यानंतर काही वर्षं ती गाडी चालली. माझं लग्न झालं तरी नोकरीपायी मी त्याच गावात राहिले. मागच्या हिवाळ्यात एका सकाळी तिने पुन्हा हाक मारली. या वेळी धूर निळा होता, म्हणजे कुठेतरी तेल जळत होतं. मी आता सरावाने ड्रायव्हरच्या सीटवर बसले. ती गाळणीपासून निघाली आणि सगळं धड निघालं. जाड पाइप, बारीक नळ्या, सगळं. दुसऱ्यांदा पाहिलं, तरी धडच. पण पाइपाच्या आत तिच्या बोटांना तेल लागलं. मग तिने टर्बोच्या तोंडात बोट घातलं आणि मला म्हणाली, "ये, तू बी पाह्य." मी बोट घातलं. दांडा सैल दातासारखा हलत होता.

"दुसरं काही असेल," मी म्हणाले. "पुन्हा एकदा पाहू."

"दोनदा पायलं."

"मुलाला कशाला सांगायचं? तो तर विसरूनही गेला असेल."

"मी नाई ना विसरली." तिने हात पुसले, फोन घेतला आणि अगदी रोजच्या आवाजात सांगितलं, "टर्बो गेला. येतो मी."

पलीकडे मुलगाच गडबडला. आई, नवा टाकू, मी देतो, असं तो म्हणत होता. ती ऐकत राहिली आणि म्हणाली, "नाई. बोलनं झालं व्हतं." गाडी घ्यायला जो आला त्याने बोनेट उघडायच्या आधीच तिने सांगून टाकलं, "टर्बो गेला हाये भाऊ. बाकी सारं धड हाये."

ती पुण्याला निघाली त्या सकाळी मी तिला एसटीत बसवायला गेले होते. मी विचारलं, "मावशी, टर्बो धड आहे म्हणाली असतीस तर कोणाला कळलं असतं?"

"कोनालेच नाई," ती म्हणाली, आणि मग खिडकीतून माझ्या शालीचं टोक चिमटीत धरून हसली. एसटी सुटली. मी मुलांना खोटं बोलू नका असं रोज शिकवते. पण खरं सांगते, टर्बोच्या तोंडात तिचं बोट होतं तेव्हा तिने खोटं बोलावं, असं मला फार फार वाटलं होतं.