बहात्तर नंबरचा रणगाडा

रविवार, ५ नोव्हेंबर २००६. रक्कम रुपये दोन हजार. पैकी एक हजार माझे, एक हजार मेहुण्याचे. हजर मंडळी तीन : मी, माझी बायको मंदा आणि तिचा भाऊ किसन. विषय, सासऱ्यांना सत्तराव्या वाढदिवसाला काय द्यायचं. एवढी साधी बैठक होती. ती संपली तेव्हा किसन न जेवता निघून गेला होता आणि मी रागाच्या भरात त्याच्या वाटणीचंही जेवलो होतो.

किसनचं म्हणणं, भिंतीवरचं घड्याळ देऊ. सासऱ्यांच्या, म्हणजे नानांच्या, घरात आधीच चार घड्याळं होती. (तीन किसननेच दिलेली. चारही वेगवेगळी वेळ दाखवायची.) मी म्हणालो, रणगाडा द्यायचा. नानांचा रणगाडा, जसाच्या तसा, लहान आकारात.

नाना पासष्टच्या लढाईत सेंच्युरियन रणगाडा चालवत होते. वज्रेश्वरीच्या अलीकडच्या त्यांच्या गावात मात्र लोकांना एवढंच ठाऊक, की नाना मिलिटरीत डायवर होते. आणि डायवर म्हटला की ट्रक. आदल्या वर्षी शाळेत झेंडावंदनाला त्यांना बोलावलं आणि माइकवरच्या माणसाने ओळख करून दिली, 'लष्करात मालवाहू गाडी चालवून देशसेवा करणारे आपले नाना.' टाळ्या झाल्या. नाना घरी आले ते जेवले नाहीत. संध्याकाळी अंगणात काडीने रणगाडा काढून मला दाखवत बसले. एका बाजूला चाकं सहा. चाकांवर लोखंडी पत्रे. ड्रायव्हर पुढे, उजवीकडे. सत्तरीला आलेला माणूस मातीत रेघा ओढून सांगतोय की मी ट्रक चालवत नव्हतो, हे बघून मला त्या माइकवाल्याचा जो राग आला, तो मी आजही सांभाळून ठेवला आहे.

म्हणून रणगाडा. आणि तो तंतोतंत हवा, कारण चाक एक जरी कमी निघालं तरी नाना तो उंबऱ्याच्या आत घेणार नाहीत, याची मला खात्री होती.

आमच्या भिवंडीत धामणकर नाक्यावर युसूफभाईचं खेळण्यांचं दुकान होतं. सुटे भाग जोडून करायचे असले नमुने तो मुंबईहून मागवून द्यायचा. त्याने माझ्यापुढे एक जाडजूड कॅटलॉग ठेवला. मी खिशातून भिंग काढलं. मी कारखान्यात अठ्ठावीस वर्षं सूत आणि कापड तपासतो. एका इंचात धागे किती हे बघायचं छोटं भिंग माझ्या खिशात कायम असतं. त्या भिंगाने मी एकेका रणगाड्याची चाकं मोजायला घेतली. पाच चाकांचे बाद. ड्रायव्हर डावीकडे बसलेले बाद. एका चित्रात ड्रायव्हरची जागा गवताआड होती, ती कंपनीच बाद. दीड तास झाला. मागे गिऱ्हाइकं ताटकळत होती. एका बाईने विचारलं, हे इन्कम टॅक्सवाले आहेत का?

शेवटी सेंच्युरियन सापडला. चाकं सहा, पत्रे आहेत, ड्रायव्हर उजवीकडे. तो दोन प्रकारांत मिळत होता. शेजारी शेजारी दोन चित्रं, दोन्ही सारख्याच आकाराची. एकाखाली १:३५, किंमत अठराशे पन्नास. दुसऱ्याखाली १:७२, किंमत सहाशे चाळीस. पुढचा एक दोन्हीकडे सारखाच होता, म्हणून मी तो सोडून दिला.

आता भिवंडीत कुणालाही विचारा. सुताचा नंबर जितका मोठा तितकं सूत बारीक. जितकं बारीक तितकं काम सुबक आणि भाव वर. पस्तीस नंबर म्हणजे जाडंभरडं, चादरीचा माल. बहात्तर म्हणजे मलमल. आणि हा माणूस मलमल सहाशे चाळीसला देत होता आणि चादरीचे अठराशे पन्नास मागत होता! याला स्वतःच्याच मालाची पारख नाही, असं मी मनात म्हटलं आणि चेहरा शक्य तेवढा कोरा ठेवून बहात्तरवर बोट ठेवलं.

युसूफभाई म्हणाला, "साहब, किसी बुज़ुर्ग को देना है तो पैंतीस लो. बहत्तर छोटा आता है."

झालं. आला महागाचा माल गळ्यात मारायला! माझं डोकं तापलं.

"पार्ट बारीक है ना इसके?"

"हाँ, बहुत बारीक है. इसीलिए तो बोल रहा हूँ."

"हमको बारीकही मंगता है," मी म्हणालो. माझं हिंदी रागात जरा घसरतं. "महंगावाला हमको मत चिपकाओ. हम रोज सौ थान माल देखता है."

त्याने माझ्याकडे नीट पाहिलं, बिल फाडलं, त्यावर 'माल वापस नहीं होगा' असं लिहिलं आणि सही करायला सांगितलं. मी सही केली. खाली तारीख घातली. वेळही घातली, पाच वाजून दहा मिनिटं.

त्याच संध्याकाळी किसनच्या घरी जाऊन त्याचे उरलेले सहाशे ऐंशी रुपये त्याच्या हातावर ठेवले आणि खरेदी कशी करतात यावर त्याला पाऊण तास सुनावलं. तो फक्त मान डोलवत होता. सकाळी न जेवता गेलेला माणूस संध्याकाळी इतका शांत कसा, याची शंका मला यायला हवी होती.

खोकं शुक्रवारी, सतरा तारखेला आलं. वाढदिवस एकोणीसला. शनिवारी सकाळी मी ते टेबलावर ठेवलं. किसन मुद्दाम बघायला आला होता. खोकं चपलांच्या खोक्याच्या निम्मंही नव्हतं. आत राखाडी प्लॅस्टिकच्या चौकटींना चिकटलेले बारीक बारीक भाग. चाक शर्टाच्या बटणाएवढं. मंदाने एक भाग उजेडात धरून पाहिला आणि अगदी साधेपणाने विचारलं, "अहो, बाकीचा कधी येणार?"

किसन खिडकीबाहेर बघायला लागला. त्याचे खांदे हलत होते.

मी मोजपट्टी काढली. रणगाड्याचं धड साडेदहा सेंटिमीटर. मग माहितीच्या कागदावरची खऱ्या रणगाड्याची लांबी पाहिली, सुमारे साडेसात मीटर. साडेसात मीटर भागिले बहात्तर. हा भागाकार चौथीतली मुलं करतात. अठ्ठावीस वर्षांत माझा एक भागाकार चुकलेला नाही, आणि इथेही चुकला नव्हता. केलाच नव्हता!

मी स्कूटर काढली आणि थेट धामणकर नाक्याकडे निघालो. युसूफभाईला काय काय बोलायचं ते मोठमोठ्याने म्हणत चाललो होतो. शेजारचा रिक्षावाला दोनदा दचकला. नाक्यावर ट्रक आडवा लागून सगळं तुंबलं होतं. तिथे उभ्या उभ्या मला माझी सही आठवली. मग तारीख आठवली. मग पाच वाजून दहा मिनिटं आठवली. स्कूटर वळवून घरी आलो. राग काढायला बाहेर कुणीच उरलं नव्हतं, म्हणून तो घरच्यांवर काढला.

जोडणीला बसलो. एकूण भाग एकशे सात. दोनदा मोजले, एकशे सहा भरले. मंदाला केर काढू दिला नाही, पंखा लावू दिला नाही, किसनला जागचं हलू दिलं नाही. तिघेही फरशीवर ओणवे. एकशे सातवा भाग माझ्याच कोपराला चिकटलेला होता. हे किसनने ओळखलं होतं म्हणे, पण मी बोलू दिलं नाही!

खोक्यात गोंद नव्हता. मी कोपऱ्यावरून झटकन चिकटणारा आणला. तो खरोखरच झटकन चिकटतो. पहिल्या तासात चिमटा टेबलाला चिकटला, माहितीचा कागद चिमट्याला आणि माझा अंगठा कागदाला. मी कंपनीला, गोंदवाल्याला आणि ज्याने पहिला रणगाडा बनवला त्याला क्रमाने नावं ठेवली. दुपारी चारपर्यंत बारा चाकं लागली, पत्रे लागले. राहिला फक्त वरचा बुरूज, तोफेसकट. त्याच्या बुडाला गोंद लावून मी तो नेमका धरला होता, तेवढ्यात किसन म्हणाला, "भावोजी, अजूनही घड्याळ मिळेल. दुकान आठपर्यंत उघडं असतं."

मी त्याच्याकडे वळून जे बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. बोलून झाल्यावर खाली पाहिलं. बुरूज बसला होता. घट्ट. तोफ मागच्या बाजूला.

ओढला, हलला नाही. पिळला, तर आतून कुरकुर आवाज आला. मंदा म्हणाली, "राहू द्या. नाहीतर तोफ वेगळी द्यावी लागेल." रात्री मला झोप आली नाही. माझ्या फजितीचं काही नव्हतं. नाना ते उलटं खेळणं बघून पुन्हा जेवायचे थांबतील, हे डोळ्यांपुढे येत होतं.

रविवारी नानांच्या ओटीवर पन्नास-साठ माणसं. औक्षण झालं. मी खोकं पुढे केलं. नानांनी उघडलं आणि रणगाडा तळहातावर घेतला. मागून कुणीतरी म्हणालं, "बगा, नानाचा ट्रक आला." दुसरा म्हणाला, "तोफ मागं हाय. पलतोय वाटतं." हशा झाला. किसनने तेवढ्यात सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगून टाकलं, "भावोजींनी स्वतः जोडलाय."

नानांनी चष्मा लावला. चाकं मोजली. पत्रे पाहिले. मग तोफेवरून बोट फिरवलं.

"बरोबर हाय," नाना म्हणाले. "लांबच्या वाटंला निघालो की तोफ फिरवून मागं बांदायचो. न्हायतर झाडात घुसती, घरात घुसती. हे फकस्त टँकवाल्यालाच म्हाईत. जावईबापू, तुमाला कुनी सांगितलं?"

मी मान खाली घातली. लोकांना तो विनय वाटला. किसनचं तोंड मात्र उघडं राहिलं होतं, आणि त्या एका क्षणासाठी मी आणखी बाराशे रुपयेही आनंदाने दिले असते.

पण गोष्ट तिथे थांबली नाही. पुढे बसलेल्या एका म्हाताऱ्याने विचारलं, तुम्ही बसायचात कुठे? नानांनी "हितं" म्हणून बोट ठेवलं. बोटाखाली रणगाड्याचा पुढचा सगळा भाग झाकला गेला. म्हातारा वाकून बघत राहिला; त्याला दिसलं ते नानांचं नख. तो म्हणाला, "उजवीकडं व्हय? मंग ट्रकातबी डायवर उजवीकडंच बसतो."

कुणी हसलं नाही. नानांनी बोट उचललं, पुन्हा ठेवलं, पुन्हा उचललं.

"चूक काय न्हाय याच्यात," ते मला हळूच म्हणाले. "माजं बोट मोठं हाय."

त्या वाक्याने मला जेवढा राग आला तेवढा आयुष्यात कधी आला नव्हता. आणि या खेपेला तो कुणावर काढायचा याबद्दल काही शंका नव्हती. सोमवारी कारखान्यातून अर्धा दिवस सुट्टी घेऊन मी युसूफभाईकडे गेलो.

मोठा रणगाडा पंधरा दिवसांत आला. तो किसनने जोडला. मला जवळ बसायचीही परवानगी नव्हती. पुढचं झाकण उघडलं की आत ड्रायव्हरचं वाटाण्याएवढं डोकं दिसतं. नानांनी त्याला मिशी रंगवून घेतली आणि त्या म्हाताऱ्याला सगळ्यात आधी बोलावून दाखवली. सव्वीस जानेवारीला शाळेत ओळख करून देताना माइकवरचा तोच माणूस 'रणगाडा चालक' म्हणाला. नाना टँक काखेत घेऊन गेले होते, त्यामुळे त्याला दुसरं काही म्हणायची सोयच नव्हती.

राहिला प्रश्न पैशांचा. त्या सोमवारी दुकानात गेल्यावर मी कॅटलॉग मागितला नाही, भिंगही काढलं नाही. पस्तीस नंबर द्या म्हणालो. युसूफभाईने पेन खाली ठेवलं आणि चार गिऱ्हाइकांसमोर विचारलं, "साहब, पहले बोलो. पैंतीस और बहत्तर में बड़ा कौन?"

मी सांगितलं.

"ज़ोर से."

मी जोरात सांगितलं. त्याने बिल केलं. किंमत अठराशे पन्नास. माझ्याकडून, एकट्याच्या खिशातून, त्याने घेतले रोख अठराशे. पन्नास रुपये कशाचे सोडले, असं मी विचारलं.

"स्टूडेंट को हम इतना छोड़ते हैं," तो म्हणाला.

मी तेव्हा त्रेपन्न वर्षांचा होतो.