हजेरीकाकूंचा कोरा रकाना

हजेरीकाकू कुणालाही अर्ध्या नावाने हाक मारत नसत. लखनऊच्या महानगर वस्तीतल्या आमच्या दाराशी उभ्या राहून "श्वेता विलास गजभिये, आहेस का घरात?" असं त्या अख्ख्या जिन्याला ऐकवत. शाळेत आणि कॉलेजात मी नुसती श्वेता व्ही. होते. "काहून गं, पुढचं नाव चोरीचं आहे का?" काकू विचारत. लखनऊत लोक जात काढायला 'आप' म्हणत इतक्या अदबीने "आगे क्या लिखती हैं?" विचारतात, की उत्तर न देणारीच उद्धट ठरते.

काकू मूळच्या नागपूरच्या, सरकारी कार्यालयात नोकरीला. दर वैशाख पौर्णिमेला त्या आम्हा दहा-बारा बौद्ध बायकामुलींना घेऊन लखनऊबाहेरच्या बख्शी का तालाब या गावापलीकडच्या एका लहानशा विहारापर्यंत चालत जात. पहाटे निघायचं, पुढे शेतांमधून कालव्याच्या कडेने, संध्याकाळी पोचायचं. ना झेंडे, ना भोंगे. वाटेत आधीच्या वर्षांत लावलेली पिंपळाची रोपं होती. बाटलीतलं पाणी आधी त्यांना घालायचं, उरलं तर आपण प्यायचं. विहाराच्या पायरीवर काकू वही उघडून पूर्ण नावांनी हजेरी घेत. "आपल्या आज्यांची नावं कोणत्या वहीत होती? दाखव बरं," असं म्हणत.

गेल्या वर्षी ऊन फार होतं, रोपं सुकली होती. आम्ही बाटल्या त्यांच्यावरच रिकाम्या केल्या. दुपारी काकूंचे पाय लटपटायला लागले, म्हणून मी त्यांना घेऊन एका घराच्या अंगणात शिरले. हातपंप समोरच होता. घरची बाई हसून म्हणाली, "बैठिए. नाम क्या है, बिटिया?" मी सांगितलं. काकू शेजारी होत्या, म्हणून पूर्ण सांगितलं.

"गजभिये? ये कौन होते हैं?"

"ठाकुर," मी म्हणाले. एका दमात, जणू पाठच होतं.

लगेच स्टीलचे दोन ग्लास आले. मी अर्धा संपवला. काकूंनी मात्र आपला ग्लास ओठांपर्यंतही नेला नाही.

"बिटिया डर गई, बहनजी. हम बौद्ध हैं, बाबासाहब वाले."

बाईने एक शब्द वावगा काढला नाही. दोन्ही ग्लास घेतले, पाणी जमिनीवर ओतलं आणि ते घरात न नेता अंगणाच्या कोपऱ्यात, राखेच्या ढिगाजवळ उपडे ठेवले. हसू तसंच. त्या हसण्याचा मला अजून संताप येतो.

आम्ही परत कालव्याच्या कडेला आलो. मग काकू म्हणाल्या, "तहान मलाही होती, पोरी."

संध्याकाळी हजेरी झाली. माझं नाव त्यांनी घेतलंच नाही. सगळ्यांसमोर! मी त्यांच्यावर भयंकर चिडले. एवढं पाणी मागितलं ते कुणासाठी? परत येताना बसमध्ये त्यांच्यापासून लांब बसले, आणि नंतर कितीदा हाक आली तरी घरात असून नसल्यासारखी राहिले.

थंडीत काकू वारल्या. नागपूरला, मुलाकडे असताना. वही त्यांनी तिकडे निघताना माझ्या आईकडे ठेवली होती. मी उघडली. सगळ्यांपुढे 'हजर'. माझं नाव पूर्ण लिहिलेलं, पण पुढे ना हजर, ना गैरहजर. रकाना कोरा.

या वर्षी विहाराच्या वाटेवर मी त्याच अंगणात गेले. बाईने विचारायच्या आत म्हणाले, "श्वेता विलास गजभिये. बौद्ध हैं." मोठ्या आवाजात. तिने मला ओळखलं नाही. "अच्छा," म्हणाली, तांब्या घेऊन आली आणि तितक्याच अदबीने म्हणाली, "आप हाथ आगे कीजिए, ऊपर से डाल देते हैं."

मी हात मागे घेतले. "रहने दीजिए," म्हणाले आणि बाहेर पडले.

विहाराच्या पायरीवर कोरड्या घशाने मी एकेक पूर्ण नाव वाचलं. शेवटी स्वतःचं. हजर. मागच्या पानावरच्या कोऱ्या रकान्यात मात्र मी स्वतःच्या हाताने 'गैरहजर' लिहिलं. काकूंना ते लिहवलं नव्हतं.