छप्पन किलोंचे दौलतराव

आष्टीच्या भोवतालचे संत्र्याचे बगीचे दौलतरावांना घरच्या अंगणासारखे पाठ आहेत. बगीच्यातून एक चक्कर मारली की झाडावर किती कॅरेट माल आहे ते हा व्यापारी सांगतो, आणि तोडणीनंतर मोजलं की आकडा तोच निघतो. पण डोळ्याला एकदा सवय लागली की ती फळांपाशी थांबत नाही. लग्नात नवरदेव स्टेजवर चढला की दौलतराव शेजारच्याला हळूच सांगतात, "ब्याऐंशी किलो. हारासकट."

स्वतःचं वजन छप्पन, हे ते कोणी न विचारताही सांगतात. पंचविशीत शिवलेला सदरा अजून अंगात बसतो, हा दुसरा अभिमान. बसतो खरा, फक्त पोटावरच्या दोन गुंड्या ते लावत नाहीत. हवा लागावी म्हणून, म्हणे.

त्यांचा भागीदार कैलास शहाण्णव किलोंचा. त्याच्यासाठी दौलतरावांकडे रोज नवा टोमणा असतो. "कैलास, तू मांगं बस बे, म्हंजे गाडीचं पुढचं चाक उचलते अन् पेट्रोल वाचते."

या धंद्याची एक रीत आहे. सौद्याआधी व्यापाऱ्याने बगीच्याच्या चारी कोपऱ्यांतली फळं चाखायची, मग मालकाच्या घरी चहा घ्यायचा. चहात साखर कमी पडली तर मालक चिकट ठरतो आणि व्यापाऱ्याने चहा नाकारला तर तो माजलेला ठरतो. आंबिया बहाराची फळं तयार होतात त्या दिवसांत दौलतराव रोज पाच बगीचे पाहतात. किती संत्री आणि किती चहा, ते तुम्हीच काढा. वीस वर्षं त्यांचं पोट नोकरीवर आहे.

गेल्या बहाराला आठवडी बाजारात आरोग्य तपासणीचा मंडप लागला. दौलतरावांनी कैलासला हाताला धरून तिथे नेलं. टेबलामागे रंजिता सिस्टर होत्या.

"सिस्टर, याले पहिले तपासा. याच्या अंगात गुळाची भट्टी हाय."

"तुम्ही पण बसा, काका."

"मले काय होते? छप्पन किलो!"

कैलास हसला. "भेता का, भाऊ?"

झालं. दौलतराव बसले, बोट पुढे केलं. कैलासची साखर काठावर निघाली, रक्तदाबही थोडा वर. सिस्टरने त्याला तेलकट कमी करायला सांगून पुन्हा बोलावलं. मग दौलतरावांचा आकडा आला: दोनशे ब्याण्णव.

"मशीन बिघडली," दौलतराव म्हणाले.

सिस्टरने टेप काढून त्यांच्या कमरेला लावला. न लागणाऱ्या गुंड्यांच्या बरोबर वरून. चौऱ्याण्णव सेंटिमीटर.

"काका, हातपाय काड्या अन् पोट पुढे. चरबी बाहेर दिसत नाही, ती आत जमून बसली आहे. आपल्याकडच्या माणसाला साखर अन् हृदयाचा त्रास व्हायला लठ्ठ असावं लागत नाही. कमी वजनातही होतो."

दुसऱ्या दिवशी उपाशीपोटी तपासलं तरी तेच. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, रोज चालायला सांगितलं, साखरेचा चहा बंद केला. संत्रं दिवसाला एक, बगीच्यातलं चाखणं बंद.

दौलतरावांना गोळ्यांची भीती नव्हती. भीती बापूरावांची होती. सहाशे झाडांचा त्यांचा बगीचा म्हणजे दौलतरावांच्या अख्ख्या बहाराचा कणा, आणि सौदा तीन दिवसांवर आलेला. चाखता येत नाही असं कळलं तर बापूराव दुसरा व्यापारी पाहतील, आणि एकाने पाहिला की बाकीचे पाहतात.

"तू चाखजो," त्यांनी कैलासला बजावलं. "मी मान हालवतो."

बगीच्यात कैलासने पहिलं फळ खाल्लं. "गोड हाय." दुसऱ्या कोपऱ्यातलं खाल्लं. "हेबी गोड हाय." तिसऱ्यालाही तेच. कैलासला आयुष्यात आंबट संत्रं भेटलंच नव्हतं. बापूराव मिशीवरून हात फिरवत बघत राहिले. तेवढ्यात त्यांच्या पत्नी देवकाबाई घरून चहा घेऊन आल्या. कप हातात धरून, चहावर साय धरेपर्यंत दौलतराव आभाळाकडे बघत बसले.

"काऊन दौलतराव, चहा थंडा होऊन राह्यला. माह्या घरचा चहा नाई चालत का आता?"

दौलतरावांनी कप खाली ठेवला. "साखर निघाली मले, बापूराव. चाखनंबी बंद हाय."

"अन् मंग सौदा कशावर करता? याच्या जिभेवर?"

कैलास चौथं संत्रं सोलत होता.

दौलतराव उठले. विहिरीकडच्या झाडाचं एक फळ तळहातावर तोललं, सालीला नख लावून वास घेतला. "पानी जास्त झालं. फळ मोठं, रस पानचट." मग बांधाकडचं घेतलं. "हे दिसाले लहान, पन जड हाय. हेच गोड." उतारावरचं त्यांनी हातात घेऊन लगेच बाजूला टाकलं. "साल फुगली, अंदर कोरडं. हा माल बाहेरगावी नाई जात, इथंच खपवा."

बापूरावांनी तिन्ही फळं कापली. विहिरीकडचं खाऊन तोंड वाकडं केलं, बांधाकडचं संपवलं, उतारावरच्या फोडी बोटाने दाबून पाहिल्या. बोटाला रस लागला नाही. दौलतरावांचा एक हात उघड्या गुंड्यांशी चाळा करत होता.

"म्हंजे न चाखता समजते तुमाले?"

"हातालेच समजते. पयलेपासून."

"मंग वीस वर्सं माहे संत्रे कायले खाऊन राह्यले होते, लेकहो?"

देवकाबाई पदराने तोंड झाकून हसायला लागल्या. बापूरावांनी खांद्यावरचा दुपट्टा काढला, हातावर पसरला, आणि त्याखाली दौलतरावांची बोटं धरली. बोटांच्या खुणांनी गुपचूप भाव ठरेपर्यंत पाच मिनिटं दोघेही घामाघूम. मग बापूराव देवकाबाईंकडे वळून ओरडले, "बिना साखरेचा एक कप आन वं! सौदा झाला."